डाळिंबी रंगाचे दोन लॉट

३ मार्च, सोम.

मागाची खोली पाडव्याआधी अर्धी रिकामी करायची. ह्यांनी सकाळी फौंड्रीत जाता जाता सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. कन्नडची शिकवणी घेणाऱ्या एक मॅडम बघून गेल्या म्हणे, त्यांना वडगावातच जागा पाहिजे. शेवटचे दोन माग भंगारात गेले तेव्हाच ओळखायला हवं होतं. रिकामी जागा कुणाच्या तरी डोळ्यांत भरतेच.

माझं साड्यांच्या पदराला गोंडे करायचं सगळं सामान एका भिंतीला बसवायचं. दोरे, मणी, जर, फॉल, लेसच्या गुंडाळ्या, शिवाय सासूबाईंची गाठोडी. एक भिंत! बघते.

५ मार्च, बुध.

दुपारभर फोनवर व्हिडिओ बघितले. 'कमी खर्चात सामानाची मांडणी.' त्या बाईचं कपाट पांढरंशुभ्र, डबे एकसारखे, वर नावाच्या चिठ्ठ्या. कमी खर्च म्हणे. तिचा एक डबा माझ्या अख्ख्या भिंतीला महाग.

पण डोकं चाललं. कोपऱ्यावरच्या दुकानातून अंड्यांचे ट्रे फुकट मिळाले, एकेका खळग्यात एकेक जातीचे मणी. कुंद्याच्या मिठाईचे रिकामे डबे घरात होतेच, माहेरी शहापूरलाही एक पिशवीभर होते. कापडाच्या ताग्यांतल्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर लेस गुंडाळली. सायकलच्या चाकाचे जुने आरे भिंतीला ठोकून त्यांवर रिळं. हे बघत होते, काही बोलले नाहीत. म्हणजे आवडलं.

रात्री अंथरुणावर पडूनही भिंतच दिसत होती. कधी एकदा उजाडतंय असं झालं.

८ मार्च, शनि.

आज गाठोडी सोडली.

पंचवीस वर्षं बघतेय ती. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई, म्हणजे माझ्या आत्या, मागाशेजारी बसून अशीच गाठोडी बांधत होत्या. उरलेल्या रेशमाच्या लडी, रिळं, चिंधीत घालून गाठ मारलेली. चाळीसेक असतील. जमिनीवर पसारा. मला कधी दोरा लागला की आत्या बसल्या जागेवरून हात घालायच्या आणि बरोब्बर तेच गाठोडं काढायच्या. आता एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याने अंधुक, तरी चिंधी डोळ्याशी नेऊन ओळखतात. माग गेल्यापासून त्यांचं एवढंच काम उरलंय, मला दोरे काढून देणं.

आत्या भजनाला गेल्या होत्या. विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या, आणि मला तर आजच करायचं होतं. खोलीला खिडकी नाही, ट्यूबलाइट लावून बसले. लाल लालमध्ये, हिरवं हिरव्यात, डाळिंबीचा सगळ्यात मोठा डबा. दोन तासांत चकाचक.

चिंध्यांचं एक पोतं निघालं. सांबरा गावची, वाकळ शिवणारी शेवंता आली होती गल्लीत, तिला देऊन टाकलं. बदल्यात तिने फळांच्या दोन लाकडी पेट्या दिल्या. पेट्या काय सुरेख बसल्या!

९ मार्च, रवि.

आत्यांनी भिंत हाताने चाचपली. एक डबा उघडला, मिटला. म्हणाल्या, लई छान केलंस. मग विचारलं, "चिंध्या कुठं हायेत गं?" सांगितलं. त्या उंबऱ्यात जाऊन बसल्या.

मला राग आला. एवढं केलं आणि विचारणं चिंध्यांचं! म्हाताऱ्या माणसांना चिंधीही सुटत नाही. (हे लिहिलं खरं. खोडत नाही.)

११ मार्च, मंगळ.

हिंडलग्याच्या सरिताताई आल्या. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न. आहेराच्या पाच साड्या, पाची जावांना. सगळ्या एकसारख्या, डाळिंबी काठाच्या, गोंडेही सगळ्यांना एकसारखे हवेत. "एकीचं जरा येगळं दिसलं तर वर्षभर ऐकावं लागंल मला," म्हणाल्या. हसलो दोघी. मोठं काम. नवीन मांडणीतलं पहिलं. भिंतीसमोर उभं करून त्यांचा फोटो काढला, माझ्या डब्यांचा खरं तर.

१३ मार्च, गुरु.

होळी. पुरण शिजत टाकून तीन साड्या संपवल्या. चौथीला दोरा कमी पडला, आत्यांना म्हटलं डाळिंबी द्या. त्यांनी डबा काढला, बराच वेळ आतच हात. "हे एकाच लॉटचं हाय न्हवं?" मी म्हटलं व्हय व्हय, द्या लवकर, पुरण लागेल. त्यांनी हाताला आलं ते रीळ दिलं.

आता लिहिताना बरं वाटत नाहीये. का कळत नाही. उद्या बघू.

१६ मार्च, रवि.

हातातलं काम खाली पडावं तसं झालं आज.

सरिताताई सकाळी साड्या न्यायला आल्या. पाची अंगणातल्या दोरीवर टाकल्या, फोटोसाठी. ऊन लख्ख. तीन साड्यांचे गोंडे एक डाळिंबी, दोन साड्यांचे दुसरे. एकात काळपट झाक, एकात विटकरी. ट्यूबलाइटखाली एकच होते! सरिताताई लगेच म्हणाल्या, ह्ये दोन येगळे दिसतायत. मी विणकरांची लेक, विणकरांची सून. एकदा रंगवून काढलेलं सूत दुसऱ्या खेपेच्या सुताशी कधी जुळत नाही, हे पोरवयात शिकलेली. लॉट मिसळू नये हे आमच्याकडे मीठ-साखर एका डब्यात घालू नये इतकं साधं. आणि मी सगळी डाळिंबी एका डब्यात ओतलेली, वर चिठ्ठी लावून.

तोंडातून काय गेलं? "आत्यांना दिसत नाही हो आता. रीळ त्यांनी काढून दिलं."

आत्या उंबऱ्यातच होत्या. मान वर केली नाही.

चोराच्या उलट्या बोंबा. सरिताताई साड्या ठेवून गेल्या, २८ पर्यंत पाची परत करून द्यायच्या. एका लॉटचा दोरा पाचींना पुरेल का, आणि कुठला कुठल्या लॉटचा, देव जाणे. नाही, आत्या जाणे. आता कळतंय चिंध्या काय होत्या. ज्या लॉटची साडी विणली त्याच साडीची चिंधी त्या गाठोड्याला. चिंधी वेगळी म्हणजे लॉट वेगळा. मी नुसतं सामान नाही, त्यांची सगळी वहीच फाडली.

माफी मागायला दोनदा उठले. दोनदा चहा करून परत बसले.

१७ मार्च, सोम.

आत्या निपाणीला गेल्या. मंगलवन्संकडे. नातवाची परीक्षा आहे, डबा करून देते म्हणाल्या. मंगलवन्संचा हात काही मोडलेला नाही. नेसूची दोन लुगडी आणि चष्मा पिशवीत. हे स्टँडवर सोडून आले. मला म्हणाल्या, "तुझ्या खोलीला आता माझी काय गरज न्हाय गं. झ्याक लावलंयस सगळं."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

ह्यांना काही सांगितलं नाही. विचारतात, भांडलीस का? नाही म्हटलं. भांडले कुठे.

१८ मार्च, मंगळ.

सांबऱ्याला गेले. बसमध्ये एका जागी धड बसवेना, दोनदा जागा बदलली. शेवंताचं घर सापडायला अर्धा तास. वाटलं, पोतं तसंच असेल, चिंध्या आणल्या की निदान रंगाला रंग लावून बघता येईल. पोतं रिकामं. वाकळ शिवून झालेली, अंगणात बाजेवर, तिच्यावर तिच्या सुनेचं तान्हं झोपलेलं. ओळखीचे काठ दिसले. एक तर माझ्या लग्नातल्या साडीचा. आत्यांनीच विणली होती ती.

शेवंता चांगली बाई. म्हणाली, उसवून देते, बाळ उठंल तवर बस. बसले. टाके इतके बारीक घातलेत. बाळ उठायच्या आत मीच उठले. उसवून काय करणार होते? कुठली चिंधी कुठल्या गाठोड्याची, ते गाठोडं बांधणाऱ्यालाच ठाऊक.

१९ मार्च, बुध.

रंगपंचमी. गल्लीत सकाळपासून रंग. दारं-खिडक्या लावून साड्या आतल्या ट्रंकेत. एक थेंब उडाला तर विष खायची वेळ. दिवसभर सगळी डाळिंबी रिळं अंगणाच्या दारातल्या फटीत, उन्हाच्या पट्ट्याखाली धरून बघितली. पहिली पाच नीट लागली. मग सगळी एकसारखी दिसायला लागली. मग सगळी वेगळी.

सुटे केलेले दोन ढीग परत मिसळले. चुकून नाही. वैतागून.

२१ मार्च, शुक्र.

फोन केला निपाणीला. मंगलवन्सं म्हणाल्या, आई बरी आहे, पण दिवसभर नुसती बसून असते. काय दिलं तर निवडते, तांदूळ, शेंगा. काम संपलं की आणखी काय आहे म्हणून विचारते. "वैनी, तिकडं काय झालंय का?" मी म्हटलं रेंज नाही, ठेवते.

शिकवणीच्या मॅडम येऊन भिंत बघून गेल्या. कन्नडात म्हणाल्या, किती छान मांडलंय, असं माझ्या पुस्तकांचं करून द्या. हसले. डब्यांवरच्या चिठ्ठ्या बघवेनात.

२३ मार्च, रवि.

निपाणीला जाऊन आले. पिशवीत पाच साड्या आणि सगळं डाळिंबी. ह्यांना सकाळी एका दमात सगळं सांगितलं. ऐकून एवढंच म्हणाले, जा.

आत्या ओट्यावर होत्या. वाटेत ठरवलेलं सगळं विसरले. म्हटलं, त्या दिवशी मी खोटं बोलले, लॉट मी मिसळले, तुम्ही विचारलं होतं तरी मी व्हय म्हटलं. रडले, मंगलवन्संच्या दारात, शेजारपाजाऱ्यांसमोर. मला रडलेलं आवडत नाही, तरी.

आत्या म्हणाल्या, "मला कमी दिसतंय म्हणालीस, त्ये खरंच हाय. गिऱ्हाइकासमोर म्हणालीस."

मी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी ती ओढून घेतली. उन्हाकडे पाठ करून बसल्या, पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर एकेका रिळाचा हातभर दोरा सोडला, चांगला डोळा अगदी खाली नेला. बोटांत पिळूनही बघायच्या, सुताचा पीळ कुठे घट्ट, कुठे सैल. दोन ढीग. तीन रिळं बाजूला टाकली, ह्ये तिसरंच हाय म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांच्या हातचं. मोठ्या ढिगात पाचींना पुरेल इतका दोरा. मी चिंधी मागितली, मंगलवन्संनी जुनं झबलं फाडून दिलं. गाठ आत्यांनी मारली.

येता का, असं विचारायला जीभ उचलेना. निघताना पाया पडले. त्यांनीच विचारलं, "तुझी सगळ्यात खालची फळी कुठवर येती गं?"

म्हटलं, माझ्या कमरेला.

"मी बसून काम करती," एवढंच म्हणाल्या आणि शेंगांचं सूप पुढे ओढलं.

पंचवीस वर्षं त्यांना कधी उभ्याने काम करताना पाहिलं नव्हतं. सगळ्या फळ्या मी माझ्या उंचीने मारल्या होत्या. बसमध्ये आज जागा बदलली नाही.

२४ मार्च, सोम.

गोंडे उसवायला बसायचं सोडून सकाळीच फळ्यांचे खिळे काढायला घेतले. अंड्यांचे ट्रे, कुंद्याचे डबे, पेट्या, सगळं परत जमिनीवर. सहा दिवसांवर पाडवा. मॅडमना काय सांगायचं ते बघू. आत्या बसायच्या तिथे बसून भिंतीवर हात उंचावून बघितला, हात पुरतो तिथे खडूने रेघ मारली. मग आठवलं, त्या माझ्याहून बुटक्या. रेघ पुसली, खाली मारली.

हे फौंड्रीतून आले तर घरभर पसारा. दारातच थांबले.

"आई कवा येणार म्हणाली?"

"काय म्हणाल्या न्हाईत. तुम्ही ती फळी धरा."