सगळं भाड्यात

प्रिय भांडखोर चिमणे,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. उचलला असतास तरी आपण हवापाण्यावर बोलून ठेवलाच असता म्हणा. कंबर कशी आहे? डाव्या कुशीवर झोपतेस ना? तू गेल्यापासून अकरा दिवस झाले आणि माझं दुकानात लक्ष नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय आखूड करून दिला. मास्तर म्हणाले, "बाई, दुसरा पाय पुढच्या महिन्यात का?"

हे घर मी भाड्याने का घेतलं, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. तुझे बाबा गेले तेव्हा विजेचं, पाण्याचं, गॅसचं कुठे काय भरायचं, मला ठाऊक नव्हतं. दोनदा अंधारात बसले, एकदा नळ कोरडा पडला. तू वसतिगृहात होतीस, तुला कशाला सांगायचं. मग या घराची पाटी पाहिली. वीज, पाणी, सगळं भाड्यात. पहिल्या तारखेला पाकीट द्यायचं आणि महिनाभर निर्धास्त. वाटलं, सुटले.

कसली सुटका! घरमालकांनी उभा जन्म दारोदार फिरून विजेचे मीटर वाचले. निवृत्त झाले, सवय झाली नाही. कोणाच्या दारी जायचं उरलं नाही म्हणून स्वतःचा वाचतात, दिवसातून तीनदा. वरच्या-खालच्या दोन्ही घरांचा मीटर एकच, खाली जिन्यात, त्यांच्या दाराशी. आणि माझ्या गीझरचं बटणही तिथेच, वर लाल दिवा. म्हणजे मी आंघोळीला निघाले की सबंध जिन्याला खबर. मला कधीही, कशालाही नाही म्हणाले नाहीत, हे तर आणखी वाईट. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. ते नुसतं बोलून दाखवतात. "आज इस्त्री लांबली वाटतं." "पाहुणे होते का? पंखा बराच वेळ होता." "काल लवकर झोपलात." मी कधी झोपले ते मला माहीत नसतं, यांना माहीत!

आता सांग, अशा माणसाला काय उत्तर देणार? पहिल्या वर्षी मी हसण्यावारी न्यायची. दुसऱ्या वर्षी इस्त्री दुकानातच उरकून यायला लागले. मग दिवा एकच लावायचा, तोही खिडकीपासून लांब. मग डोकं गार पाण्याने. तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, केस गळतात गरम पाण्याने. कुठले गळतात! हातपाय मोकळे सोडून बसावं म्हणून घर घेतलं आणि घरातच चोरासारखी वावरायला लागले. स्वतःचाच राग येतो, पण तो काढायचा कोणावर?

मग तू आलीस. पाचवा महिना, कंबर धरलेली, बसमधून उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतलास. म्हणालीस, आई, आधी तासभर गरम पाणी अंगावर घेणार आहे, मग काय ते बोलू. आणि डोक्याला साबण लावलेला असताना पाणी गार पडलं. तू टॉवेल गुंडाळून, कानशिलावरून फेस गळत, तशीच जिना उतरलीस. ते नुकते बाहेरून आले होते. भाजीची पिशवी हातात, टोपी डोक्यावर, कुलपाला किल्लीही लागली नव्हती. तू म्हणालीस, "माझी आई भाडं देते, भीक मागत नाही! पोटुशी बाई आत आहे आणि तुम्ही पाणी तोडता?" आणखीही बरंच म्हणालीस. त्यांनी एकदा बटणाकडे पाहिलं, एकदा वर माझ्याकडे. म्हणाले, "चुकलं. माफ करा." मी पाच पायऱ्या वर उभी होते, कठड्याला धरून. संध्याकाळी तू बॅग भरलीस. ज्या घरात आई आंघोळीला भिते तिथे माझं बाळ येणार नाही, म्हणालीस. मी तरीही गप्पच.

परवा मी खाली गेले. त्यांनी खुर्ची दिली. मी अडखळत काय ते सांगितलं, तर म्हणाले, "मला माहीत होतं. लेकीसमोर तुम्हाला कशाला उघडं पाडायचं?" मग म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांशी आकड्यांवरच बोलत आलो, बाई. दुसरं काय विचारायचं असतं, ते जमत नाही. इस्त्री लांबली म्हणजे काम वाढलंय का, एवढंच." ऐकलंस? इतके दिवस मी गार पाण्याने डोकं धुतलं, आणि हे म्हणे गप्पा मारत होते! हसू की त्यांची टोपी खिडकीतून भिरकावू, कळेना.

तर चिमणे, तुला कळलंच असेल. ते बटण त्यांनी नाही, मी बंद केलं. खिडकीतून कोपऱ्यावर त्यांची टोपी दिसली, आत पाणी वाहतंय, बाहेर लाल दिवा जळतोय, आणि माझे पाय आपोआप जिना उतरले. तू आत आहेस हे मला माहीत होतं. तरी उतरले. त्यांनी काही म्हणायच्या आधीच मी घाबरायला शिकले होते, आणि त्या धाकात तुला गार पाण्यात उभं केलं. घर बदलून हे जाणार नाही, नाहीतर उद्याच बदललं असतं. तू ये. बाळ झाल्यावर नको, आधीच ये. हवं तेवढं पाणी घे. तुझी आंघोळ होईपर्यंत मी खाली त्यांच्या घरात, खुर्चीवर, दाराला आतून कुलूप घालून बसेन. किल्ली त्यांच्याकडे राहील, म्हणजे माझे पाय बटणाकडे वळायचे नाहीत. त्यांना तसं सांगून ठेवलंय.

तुझीच, जिन्यात गप्प राहिलेली,
आई