सियोवुशचा उष्टा नान

९ मार्च १९९३

पोचले एकदाची! पंज नदीकाठचं हे गाव मी मनात फार भकास रंगवलं होतं. पण इथे जर्दाळू फुललेत, ऊन पडलंय आणि मला दिलेल्या खोलीतली शेगडी चक्क पेटते. राजधानीत, दुशान्बेच्या कचेरीत, सगळे चिडवत होते, की मुनव्वरा तपासाला निघालीय की पोराला शोधायला? दोन्हीला, म्हटलं, तुमचं काय जातं? सियोवुश डोंगरातल्या बंडखोरांत गेला तो याच बाजूला. गेल्या महिन्यात इथल्या निर्वासितांवर झालेला हल्ला बंडखोरांनीच केला, असं फौज म्हणते. हल्लेखोर सापडले तर माझ्या पोराचा पत्ता लागेल. तो त्यांच्यात नसावा, एवढंच मागणं.

सामान सोडायच्या आधी भिंतीत खिळा ठोकला. सियोवुशनं घरातून निघताना दातांनी एक घास तोडलेला नान मी फडक्यात बांधून आणला होता, तो टांगला. परत आला की उरलेला तोच संपवणार, अशी आमच्याकडची रीत. शिकलेल्या बायका या प्रकाराला हसतात. मीही हसायचे, दुसऱ्यांच्या पोरांच्या वेळी.

११ मार्च

कापसाचं गोदाम पाहिलं. नदी ओलांडून अफगाणिस्तानात जायला मिळेल या आशेवर कुटुंबं इथे थंडीभर राहिली होती. फेब्रुवारीत एका दुपारी धुक्यात माणसं आत शिरली आणि बाया मेल्या. फक्त बाया. पोरांना, म्हाताऱ्यांना कुणी हात लावला नाही. भिंतीवर गोळीची खूण नाही, जमिनीवर एक पुंगळी नाही, पिठाची पोती जागच्या जागी. माझा ड्रायव्हर रजबाली म्हणाला, की आपा, हे कसले दरोडेखोर, पीठ टाकून पळणारे? मी हसले. भिंतीवर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक रिकामं फडकं.

१२ मार्च

गोदामातल्या बायांपैकी एकटी वाचलेली बीबी गुलअंदोम भेटली. आधी चहा पी, काटकी झालीयस नुसती, मग विचार काय विचारायचं ते, असं दटावलं तिनं. मग सांगितलं, की आले ते आपलेच. याच बायांची पोरं. आयांनी ओळखलं आणि धावत जाऊन मिठ्या मारल्या. मी विचारलं, पोटची पोरं आईला मारतील का? तर म्हणाली, मारलं कुणी? मिठीतून सुटल्या नाहीत त्या.

फौजेच्या डॉक्टरनं खाजगीत कबूल केलं, की सगळ्या गोठून मेल्या होत्या. मग कागदावर गोळ्या का लिहिल्यास? वरून सांगितलं, म्हणे.

बीबीला सियोवुशचा फोटो दाखवला. तिनं फार वेळ पाहिला आणि माझ्या पेल्यात पुन्हा चहा ओतला. पेला भरलेलाच होता.

१५ मार्च

मेंढपाळाकरवी बंडखोरांच्या म्होरक्याला निरोप धाडला होता. उत्तर आलं. या बाजूची त्यांची तुकडी जानेवारीतच कोसळलेल्या बर्फाखाली गाडली गेली. एकही वाचला नाही. सगळी याच गावांतली पोरं, आणि दुशान्बेचा एक, शेकोटीशी गाणी म्हणणारा.

दुशान्बेत गाणारी पोरं काय थोडी आहेत!

जेवण गेलं नाही.

१६ मार्च

म्हणजे फेब्रुवारीत आले ते कोण?

बीबी म्हणते, ती बातमी गोदामात सगळ्यांनी ऐकली होती. मेलेल्याचा नान उतरवून पाखरांना चुरून घालायचा, म्हणजे त्याचा पाय मोकळा होतो. तिनं घातला. दगडासारखा झालेला नान रडत रडत फोडला. बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या, की पोराला जिवंतपणी मारतेस, चेटकीण! त्यांनी नान तसेच ठेवले. पोरं आपापला नान खायला आली.

तू उतरव गं पोरी, आजच उतरव, म्हणत तिनं माझे हात धरले. मी हात सोडवून घेतले. मी कायदा शिकलेय, तिला सुनावलं. प्रेत पाहिल्याशिवाय मी कुणाला मेला म्हणत नाही.

१८ मार्च

धुकं. रजबाली गाडी घेऊन गेला. गोदामापासून माझ्या दारापर्यंत पावलं उमटलीत, जाताना म्हणाला, ओली, अनवाणी. आपा, पाया पडतो, चला. नाही गेले.

नान हातात घेतला. खिडकीत चिमण्या होत्या. बोटांनी दाबला, थोडा कोपरा तुटला— त्यावर त्याच्या दातांची खूण आहे. पुढचा एक दात वाकडा आहे ना त्याचा—

परत बांधून ठेवला.

१९ मार्च

भर दुपारी काही दिसत नाही. अंगणात कुणी उभं—

गातोय. आवाज बसलाय पण—

बीबी रस्त्यावरून ओरडतेय. नान चूर गं, अजून वेळ आहे, चूर—

मला सगळं कळतंय. भीती वाटते, फार वाटते. पण तो उपाशी दारात आलाय आणि मी त्याला जा म्हणू? मी?

फडकं सोडलं.

कडी काढली.

अरे देवा, केवढा गारठलाय माझा—