आम्ही फक्त अक्रोडाचे करतो

प्रिय कोर्टनी,

तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून तरी खरं लिहिते.

बाळंतपणाच्या आदल्या दिवशी माझा मार्टी कामावर होता आणि मी तुला खसखशीचं सारण भरलेला गोड रोल खाऊ घातला. "आई, आता पोट फुटेल," म्हणालीस, तरी आणखी दोन तुकडे वाढले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलने तुला न विचारताच तुझी आणि नुकत्या जन्मलेल्या हेलनची तपासणी केली. अफू निघाली म्हणाले. तू ओरडत होतीस, "खसखस खाल्लीय मी, अफूच्याच बोंडातली असते ती! सासूबाईंना विचारा!"

बालकल्याणवाल्या बाईंनी मला खरंच विचारलं. फोन आला तेव्हा मी आपल्या स्लोव्हाक चर्चच्या तळघरात, ईस्टरच्या विक्रीचे रोल लाटत होते. शेजारून मेरी अ‍ॅन कुजबुजली, "चर्चच्या रोलमध्ये अफू, असं पसरलं तर इथे कुत्रंही फिरकणार नाही गं."

मी बाईंना म्हटलं, "आम्ही फक्त अक्रोडाचे करतो."

वाटलं, पुन्हा तपासतील, सुटेल. पण त्यांनी हेलनला तुझ्याकडून काढून नेलं, नऊ दिवस ती परक्या घरी राहिली. तुझं दूध आटलं. मार्टी अजून म्हणतो, "आई, तू कशाला खोटं बोलशील?" मी भांडी घासत राहते. थकले गं.

त्या ईस्टरला सगळे रोल खपले. खसखशीचे सगळ्यात आधी.

तुझी म्हणवत नाही,
वेरोना