सतराने भाग जातो

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, निवृत्त गणित शिक्षक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. भीती आहे, ती माझी मलाच. माझ्या सात तपासण्या चांगल्या आल्या, म्हणून आठवीही चांगलीच येणार, असे डॉक्टर म्हणतात. असले बोलणे मला का सोसत नाही, ते कलम तीनमध्ये आहे.

१. राहते घर मुलीला. गॅस बंद आहे ना, हे मी दिवसातून चारदा पाहतो. तिने एकदा पाहिले तरी पुरे.

२. पुस्तके शाळेला. मूळ संख्यांचे कोष्टक पदार्थविज्ञानाच्या सरांनी दोन दिवसांसाठी म्हणून नेले, त्याला एकवीस वर्षे झाली. ते त्यांनाच दिले असे समजावे. शोकसभेत मात्र त्यांना बोलू देऊ नये; ते आवरत नाहीत.

३. हे कलम मुलीने निवांत बसून वाचावे. ३१, ३३१, ३३३१ या मूळ संख्या. एक आणि ती संख्या सोडून त्यांना कशानेही भाग जात नाही. पुढे एकेक तीन लावत मी ३३३३३३३१ पर्यंत गेलो. त्या एकीसाठीच साडेसातशेच्या आसपास भागाकार केले, अख्खी सुट्टी गेली. सातही मूळ निघाल्या. शाळेच्या वार्षिकांकासाठी मी लेख लिहिला की ही साखळी कधीच तुटत नाही. तुझी आई शेजारी शिवत होती. तिने विचारले, आठवी तपासली का? मी म्हटले, सात आल्या, आता काय राहिले? तिने अस्तराच्या कापडावर खडूने ३३३३३३३३१ मांडले. थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, सतराने भाग जातो."

मी न पाहताच तळहाताने ते पुसले. म्हटले, "तू तुझं शिवण बघ."

लेख छापून आला. मुख्याध्यापकांनी तो काचेत बसवून जिन्यापाशी लावला. महिन्याभराने मी गुपचूप भागून पाहिले : १९६०७८४३, बाकी शून्य. त्यानंतर नोकरीची अकरा वर्षे, जिन्यापाशी कुणी थांबले की मी काहीतरी विचारत त्याला पुढे न्यायचो. घरी सांगायला जीभ रेटली नाही.

सांगितले ते इस्पितळात, तिच्या शेवटच्या आठवड्यात. ती म्हणाली, "मला माहीत होतं. दुसऱ्या कापडावर मी भागाकार पुन्हा करून पाहिला होता." मी विचारले, मग बोलली का नाहीस?

"तुम्ही बघितलं असतंत?"

मी तिचा हात धरून बसलो. तिने तो सोडवून घेतला नाही, एवढेच.

४. शिलाई मशीन मेहुणीला. ती माझ्याशी बोलत नाही. बहिणीने तिला सांगितले असावे. तरी तिलाच द्यावे.

५. जिन्यापाशीचा लेख काढावा. मी तीनदा शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परतलो आहे. पुढच्या वार्षिकांकात दुरुस्ती छापावी : '३३३३३३३३१ = १७ × १९६०७८४३. लेखकाचा दावा चूक. हा भागाकार लेख छापण्यापूर्वीच झाला होता.' त्याखाली तिचे पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासह. 'लेखकाची पत्नी' असे छापू नये. छापखानेवाल्यांनी आज तिच्या नावातले अक्षर न् अक्षर माझ्याकडून तपासून घेतले आहे.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी, सोमवार
लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार, एकमेकांदेखत व माझ्यादेखत :
१. दवाखान्याचे डॉक्टर (सही)
२. छापखानेवाले (सही)