तिसरे आमेन

६ ऑगस्ट १९७३, सोमवार

मिशनच्या प्राथमिक शाळेच्या समितीवर चिटणीस म्हणून माझी नेमणूक झाली. हायस्कुलातून निवृत्त होऊन तीन महिने झाले. या तीन महिन्यांत कोणालाही काहीही समजावून सांगण्याची संधी मिळाली नव्हती. सौ. म्हणाली, "बरं झालं बाप्पा. आता माह्यावरचे तास तरी कमी होतीन."

समिती चौघांची. अध्यक्ष आमच्या मंडळीचे पाळक, रे. साळवे. मंडळीचे वडील मोशेकाका, वय ऐंशीच्या घरात. पालकांतर्फे करीमभाई शिंपी. त्यांच्या तिन्ही मुली याच शाळेत. चौथा मी.

नियमावली दोनदा वाचली. नियम ९: सभा प्रार्थनेने सुरू होईल व प्रार्थनेने संपेल. नियम ११: मागील सभेचे इतिवृत्त पुढील सभेत वाचून कायम झाल्याखेरीज कोणताही ठराव अमलात येणार नाही. किती नेटके! मोशेकाकांनी न लिहिलेला नियमही सांगितला: शेवटच्या आमेननंतर कोणी बोलायचे नाही. "आमेन झालं का चहा."

१४ ऑगस्ट, मंगळवार

पहिली सभा. विषय एकच. पहिलीच्या वर्गाच्या मार्थाबाई अप्रशिक्षित आहेत. बावीस वर्षे त्याच वर्गावर. वरून विचारणा होत असते. रे. साळवे यांची भाची यंदा डी.एड. झाली आहे, हेही त्यांनी सहज सांगितले.

मी म्हणालो, प्रमाणपत्रापेक्षा पद्धत पाहावी. वर्गात बसून निरीक्षण करावे, मुद्देसूद अहवाल ठेवावा, मग ठरवावे. रे. साळवे हसले. "मास्तर, तुमच्याइतकं पद्धतशीर कोण लिहिणार?"

सुखावलो. हे आज प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

२२ ऑगस्ट, बुधवार

सकाळी साडेदहा ते एक पहिलीच्या वर्गात. काय पाहिले, ते क्रमाने लिहितो, कारण असे काही मी चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेले नाही.

बाई फळ्यावर जवळजवळ लिहीतच नाहीत. आवारातल्या चिंचेचे चिंचोके धुऊन, वाळवून डब्यात ठेवले आहेत. प्रत्येक मूल शेणाने सारवलेल्या जमिनीवर चिंचोक्यांचे अक्षर मांडते. ग, म, भ, न हा गट आधी, कारण उभी काठी सर्वांना समान; मुलाने काठी एकदा मांडली की पुढचा फरक तेवढा लक्षात ठेवायचा. मांडून झाले की बाई खाली बसतात आणि अक्षरावरून बोटे फिरवतात. चूक असेल तिथे बोट थांबते. "इथं गाठ सुटली पाय, गंगे." मुलगी पुन्हा मांडते. मग तीही डोळे मिटून बोट फिरवते.

हजेरी पुस्तकातून नाही, आवाजावरून. एकाने दुसऱ्याच्या नावाला "हजर बाई" म्हणून पाहिले. बाई लगेच, "शंकऱ्या, तुह्या नाकात शेंबूड हाये आन् तू लक्षुमन कधीपासून झाला?" वर्ग लोळला. रांगेतून जाताना प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवतात. वाचन मुलांकडून मोठ्याने करून घेतात. स्वतःचा धडा तोंडपाठ.

साठ मुलांपैकी बावन्न मुले ऑगस्टमध्येच अक्षरे ओळखतात. माझ्या समोर.

३ सप्टेंबर, सोमवार

अहवाल पूर्ण. अकरा पाने. डोळ्यांआधी स्पर्शाने घडणारे अक्षरज्ञान, आवाजातून होणारी ओळख, मायेचा हात. तिन्ही अंगांचे सविस्तर विवेचन. "शिक्षिका अक्षर डोळ्यांनी न तपासता बोटांनी तपासतात, हेच या पद्धतीचे मर्म होय," हे वाक्य तीनदा घासले.

सौ.ला सगळा वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर ती तांदूळ निवडायची थांबली, मग पुन्हा निवडू लागली.

२९ सप्टेंबर, शनिवार

लिहायला हात होत नाही. तरी क्रम सोडणार नाही.

सभा दुपारी तीनला. रे. साळवे यांनी माझा अहवाल स्वतः मोठ्याने वाचला. छान वाचतात, व्यासपीठाचा सराव. चौथ्या पानावर थांबले. मागे गेले. पुन्हा वाचले. मग कागद खाली ठेवून मला अगदी हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, या बाईला दिसत नाही."

मी समजावून सांगू लागलो की ही पद्धत आहे.

"तुम्हीच लिहिलंय. फळा नाही, हजेरीचं पुस्तक नाही, बोटं. आवारात विहीर आहे, मास्तर. साठ लेकरं. एखादं तिकडे गेलं तर तिला दिसेल?"

माझ्या अकरा पानांत विहीर कुठेच नव्हती.

चर्चा झाली नाही. मते विचारली नाहीत. रे. साळवे म्हणाले, "आपण प्रार्थना करू." डोळे मिटले. "हे प्रभू, आमची बहीण मार्था हिने बावीस वर्षं तुझ्या लेकरांची सेवा केली. नाताळानंतर तू तिला विसावा देत आहेस, तिच्या जागी तरुण हात पाठवत आहेस, यासाठी आम्ही सारे एकमताने तुझे आभार मानतो. आमेन."

मोशेकाका, "आमेन."

मी, "आमेन."

करीमभाई, "आमीन."

तोंडून गेल्यावर मला कळले की मी काय म्हणालो. लहानपणापासूनची सवय. प्रार्थना थांबली की शब्द आपोआप येतो, जसा पायरी संपली की पाय खाली जातो. तोवर चहा आला होता.

३० सप्टेंबर, रविवार

उपासना संपल्यावर मार्थाबाई चर्चच्या पायरीशी उभ्या होत्या. माझ्या चपलांचा आवाज ओळखला. "सलाम, मास्तर."

मी सुरुवात केली की अहवालाचा हेतू असा होता, की त्यातील मांडणी अशी होती...

"कायले लिवलं, मास्तर?" रागावल्या नव्हत्या, राग सोसला असता. "तुमी अडीच घंटे बसून होते. मले वाटलं, तुमाले समजलं. मले वाटलं, भला मानूस हाये, समजून उमजून गप हाये."

चार वर्षांपासून मोतीबिंदू. आधी एक डोळा, मग दुसरा. फळा धूसर झाला तेव्हा चिंचोके काढले. सांगितले असते तर शाळेमागची खोली गेली असती. ती नोकरीबरोबरच आहे. दुसरे घर नाही, माणूस नाही. "आन् लेकराईचं अडलं कुठं? सांगा ना. तुमीच तं लिवलं बावन म्हनून."

घरी सौ.ला विचारले, तुला कळले होते? "तिसऱ्या पानावर. म्या म्हटलं, तुमालेही कळलं असन. एवढे शिकलेले तुमी."

१३ ऑक्टोबर, शनिवार

रे. साळवे यांच्याकडे गेलो. तीन मुद्दे नेले होते. पहिला: मोतीबिंदू हा शस्त्रक्रियेने जाणारा विकार आहे. दुसरा: बावन्न मुले. तिसरा मांडायच्या आतच ते म्हणाले, "ऑपरेशन झालं तर बघू." लिहून द्या म्हणालो. "मास्तर, आपण चर्चची माणसं. आपल्यात लिहून कशाला?"

माझा अहवाल मात्र लिहिलेला हवा होता.

बाहेर भाची भेटली. सरळ मुलगी. माझ्या पाया पडली. तिच्यावर रागावण्याचा प्रयत्न केला, जमला नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

कारंज्याला आहे. इथल्या जैन व्यापाऱ्यांनी धर्मशाळेत नेत्रशिबिर भरवले आहे. मार्थाबाईंना सौ. आणि मी एस.टी.ने घेऊन आलो. येण्यास तयार नव्हत्या. "दिसून काय पाहू? खाली केलेली खोली?" सौ.ने ऐकले नाही. "मास्तरानं आंधळेपनानं लिवलं, तुमी आंधळेपनानं नोको बसू." माझ्यासमोरच म्हणाली. खरे तेच म्हणाली.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी. मान हलवायची नाही. ओळीने चाळीस खाटा. बाई निजल्या जागी बोटांनी चादरीवर काहीतरी काढत होत्या. मी पाहिले. ग, म, भ, न.

१ डिसेंबर, शनिवार

बाई रजेवर असल्यामुळे भाची बदलीवर आली आहे. आज घरी येऊन चिंचोक्यांचा डबा देऊन गेली. "मामा म्हणाले, फेकून दे. मला नाही फेकवलं, सर. पोरं रोज मागतात." फळ्यावर लिहिते, अक्षर सुरेख आहे. पण मागच्या तीन रांगांना दिसत नाही, कारण खिडकीची तिरीप फळ्यावर पडते. हे तिला समजावून सांगितले. ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाईंच्या वेळी तिरीप कुठे जायची?"

१५ डिसेंबर, शनिवार

पाच जानेवारीच्या सभेसाठी इतिवृत्ताचा मसुदा. रे. साळवे यांचा निरोप आहे: "मार्थाबाईंना निवृत्त करण्याचे सर्वानुमते ठरले, असं लिहा." नाताळ उरकला की खोलीही मोकळी करून हवी.

चार मसुदे फाडले. शेवटी जे झाले तेच, झाले त्या क्रमाने लिहिले: "चर्चा झाली नाही. मते घेण्यात आली नाहीत. अध्यक्षांनी प्रार्थना केली. उपस्थितांनी आमेन म्हटले." चार वाक्ये. यापूर्वी चार वाक्यांत मी काही संपवलेले नाही.

करीमभाईंच्या दुकानात गेलो. मशीन थांबवून त्यांनी मसुदा ऐकला. "मास्तर, माही सगीरा त्या बाईपाशीच शिकली. सोयीत दोरा ववते तं डोळे मिटून. बाईनंच शिकवलं म्हन्ते." मग कातरीने टेबलावर ठोकत म्हणाले, "पन एक सांगू? माह्यं आमीन तुमच्या मांगून निंघते. तुमचं चर्च, तुमची दुआ. तुमी म्हन्लं का मी म्हन्तो. तुमी थांबले, तं मी बी थांबीन."

घरी येताना लक्षात आले की त्या दिवशी दोन आमेन माझ्याच नावावर आहेत.

२ जानेवारी १९७४, बुधवार

बाईंना जाड भिंगांचा चष्मा मिळाला. वर्गाला आवार दाखवायला निघाल्यासारख्या सगळीकडे फिरल्या. चिंच पाहिली. विहीर पाहिली, कठड्यावरून वाकून. नाताळ होऊन गेला, तरी खोलीला अजून कुलूप लागलेले नाही, कारण रे. साळवे यांनी किल्ली मोशेकाकांकडे मागितली तेव्हा त्यांनी ऐकू न आल्यासारखे केले.

मग बाईंनी माझ्याकडे बघितले. बराच वेळ.

"बाप्पा! मास्तर, तुमी म्हातारे झाले."

सौ. पदरात तोंड घालून हसली. मीही. मग बाई म्हणाल्या, "माह्यावर लिवलेलं ते द्या." अकराच्या अकरा पाने चिंचेखाली बसून वाचली. घासलेल्या वाक्यावर बोट ठेवून, सवयीने. परत देताना एवढेच म्हणाल्या, "चांगलं लिवलं हाये. सगळं खरं हाये." यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर झोप लागली असती.

५ जानेवारी, शनिवार

सभा तीनला. बाई व्हरांड्यातल्या बाकावर, चष्मा लावून.

प्रारंभीची प्रार्थना. मी इतिवृत्त वाचले. चार वाक्यांशी आल्यावर रे. साळवे यांनी हात वर केला.

"आमेन म्हणजे काय, मास्तर?"

"तसे होवो."

"मग सर्वानुमतेच झालं."

मी म्हणालो, प्रार्थनेला होकार आणि ठरावाला होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवाला मत देता येत नाही, समितीला देता येते. शिवाय सप्टेंबरातले कारण आता व्हरांड्यात चष्मा लावून बसले आहे. विहीर बाईंना दिसते, मी स्वतः पाहिले. मत घ्या. मोशेकाका खिडकीबाहेर पाहत होते. करीमभाई माझ्याकडे.

रे. साळवे रागावले नाहीत. थकलेले वाटले. भाचीला शब्द दिला आहे, घरात तिचे लग्नाचे वयही बोलले जाते, शेवटी तेही माणूसच. म्हणाले, "आपण प्रार्थना करू."

डोळे मिटले. मी मिटले नाहीत. अठ्ठावन्न वर्षांत प्रथमच. प्रार्थनेत माणसांचे चेहरे कसे दिसतात, हे मला माहीत नव्हते. प्रार्थना तीच, शब्द थोडे बदललेले, "एकमताने" तेवढे कायम.

"आमेन."

मोशेकाका, जरा थांबून, "आमेन."

माझी पाळी. शब्द ओठांपर्यंत आला होता, सवय मरत नाही. दात मिटून धरले. करीमभाईंनी एक डोळा उघडला, मला पाहिले आणि पुन्हा मिटला. ओठ शिवल्यासारखे.

रे. साळवे यांनी डोळे उघडले नाहीत. थोडे थांबले. मग प्रार्थना पुढे चालू केली. आजाऱ्यांसाठी. प्रवाशांसाठी. अधिकाऱ्यांसाठी. "आमेन." पुन्हा एकच उत्तर, मोशेकाकांचे. पुन्हा पुढे. चहा दाराशी येऊन परत गेला. पाचला गायकवृंदाच्या सरावाची घंटा झाली, तेव्हा मोशेकाका गुडघे धरून उठले, आणि मग सगळेच उठले.

इतिवृत्त कायम झालेले नाही. नियम ९ प्रमाणे सभा प्रार्थनेने संपते. प्रार्थना संपली असे मला लिहिता येत नाही. ठराव आहे की नाही, सभा अजून चालू आहे की नाही, नियमावलीतून सांगता येत नाही. पुन्हा दोनदा वाचली.

व्हरांड्यात बाई उभ्या राहिल्या. "काय झालं, मास्तर? सोमवारी म्या वर्गावर जाऊ का नोको?"

समजावून सांगण्यासारखे पुष्कळ होते. चिंचोक्यांचा डबा त्यांच्या हाती दिला आणि म्हणालो, "शाळा साडेदहाला भरते."