आईची तीन अक्षरे

आई, तुझा व्हिडिओ गेम अजून चालतो. धाकट्या भावाने दुबईहून आणलेले ते करडे यंत्र जेसल पार्कच्या घरातल्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून होते. चार दिवसांपूर्वी बटण दाबताच सुरू झाले. हे आनंदाने कळवत नाही. त्याआधी मी काय केले, तेही सांगायचे आहे.

नव्या टीव्हीला जुनी वायर लागत नाही, म्हणून मीरा रोडच्या एका दुकानातून मी जुन्या कॅसेटी चालवणारी, या यंत्राची नवी नक्कल आणली. दुकानदार म्हणाला, "अंकल, इसमें सब चलता है. ओरिजिनल से भी अच्छा." 'सब' हे सर्वव्यापी विधान पाडायला एक अपवाद पुरतो, हे मी कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला आयुष्यभर शिकवले. तो अपवाद, म्हणजे तुझी कॅसेट, पिशवीत घेऊन मी मान डोलावली. तुझ्या कॅसेटच्या पोटात एक चपटी बॅटरी आहे आणि तिच्या जोरावर तुझा अर्धवट खेळ जपलेला असे. त्या नोंदीवर नाव म्हणून तू इंग्रजीत घातलेली तीन अक्षरे, ए, ए, आय. नकलेवर चित्र स्वच्छ आले. नावाच्या जागी रिकामी ओळ होती. बॅटरी आधीच संपली असेल, नव्या यंत्राने नोंद पुसली असेल, किंवा नोंद आत असून त्याला वाचता येत नसेल. आधी जुन्या यंत्रात पाहायला हवे होते. ही चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मी माफ केली नसती.

अजून डोळ्यांपुढे येते: दुपारी ओटा आवरून तू जमिनीवर खेळायला बसली आहेस. यंत्र अडते, मी कॅसेट काढून फुंकायला जातो आणि तू म्हणतेस, "फुंकू नकोस, थुंकी उडते. काढून परत लाव, चालेल." ती चालतेच. मग तो दिवस: माझे सहकारी दारात, तुझा खेळ रंगात, आणि मी तुला न विचारता भिंतीवरचा स्विच बंद करतो. ते गेल्यावर मी म्हणालो, "या वयात शोभतं का हे?" तू वायर गुंडाळत म्हणालीस, "तुझ्याशी बोलून हरण्यापेक्षा याच्याशी खेळून हरलेलं बरं. हा परत उभं तरी करतो." त्यानंतर तू टप्प्याटप्प्याला खेळ जपून ठेवू लागलीस. यंत्राने तुला कधी दगा दिला नव्हता. ती नोंद माझ्या धाकाने ठेवलेली होती, आणि तू जाईपर्यंत मी त्या खेळात काय असते हेही विचारले नाही. तूही सांगितले नाहीस; तो दोष तुझ्याकडे ठेवतो.

भाईंदर पश्चिमेच्या भंगारवाल्याकडून जुना टीव्ही आणला आहे. दुसरी कॅसेट लावून यंत्र तपासले, निर्दोष आहे. तुझी कॅसेट लावली की निदान एका शक्यतेचा निकाल लागेल. चार दिवस झाले. जन्मभर इतरांकडे पुरावा मागणारा मी रोज सकाळी ती फडक्याने पुसतो आणि परत ठेवतो. लावत नाही. फुंकतही नाही.