शिवण कडेला घेतलेली गादी

मंगळवार संध्याकाळ, दुकानातच

आज समुद्रातून वीणाचा फोन आला. एकटीनं होडी वल्हवत अटलांटिक ओलांडायला निघालेली माझी लेक. वाटलं, लाटांबद्दल सांगेल. तर म्हणाली, "बाबा, बसायच्या गादीची शिवण फार टोचते. दिवसभर तिच्यावरच बसायचं ना, अल्वा?"

उसवू नये म्हणून मीच दुहेरी टीप मारली होती, तीही बरोबर मधोमध. इथं आमच्या कानडी मुलखात, चामराजपुरमात, सगळ्यांना कौतुकानं दाखवली होती ती गादी. "उसवून टाक," म्हणालो. "कधीच उसवली," म्हणाली. मग नुसती खरखर. जेवलीस का, हेही विचारायचं राहिलं.

दुपारभर दुसरी गादी शिवली, शिवण कडेला घेऊन. पण कशाला? तिथं पाठवणार कशी? पाठवली तरी वाटेत कुणाकडून काही घ्यायचं नाही, असा नियमच आहे म्हणे. तरी शिवली आणि समोरच्या खुर्चीवर ठेवली.

आत्ता एक गृहस्थ पॅन्ट आखूड करायला आले आणि त्या खुर्चीवर बसायला लागले. "तिथं बेडा, तिथं नको, सार," मी म्हणालो. "आमचं माणूस यायचं आहे."

बिचारे उभेच राहिले, मधूनमधून दाराकडे बघत. त्यांचं बघून मीही बघायला लागलो.